सुनीवाचं ताट

१४ सप्टेंबर

आज मुखिया स्वतः दारात येऊन उभा राहिला. मी मका कांडत होते. मुसळ बाजूला ठेवून गुडघे टेकले, तेव्हा कुठे त्याने तोंड उघडलं.

"तामांदाच्या आई, अख्ख्या चिकोम्बेत पत्र्याचं घर तुझं एकटीचं. दवाखान्यात लहान मुलांची वजनं घ्यायला बाहेरदेशची मुलगी येतेय. पगार नाही, काही नाही, सेवा म्हणून. वर्षभर तुझ्याकडे राहील."

"पत्रा वर आहे, खाली काय आहे ते बघा की. तिला खायला काय घालू?"

"तुम्ही खाता तेच. वेगळं काही करायचं नाही, असं तिला पाठवणाऱ्या कचेरीनं मुद्दाम सांगितलंय. आणि घराघरातून टोपलीभर मका तुला पोचेल. पाहुणी गावाची आहे."

तो गेला तशी मालिताताई कुंपणाच्या पलीकडून बोललीच. माझी थोरली बहीण, अंगणाला अंगण लागून. "मक्याच्या पिठाच्या न्सिमावर गोरी पोर पोसणार तू? आठ दिवसांत पळेल बघ." तिचं घर गवताने शाकारलेलं आहे आणि गळतं. पाहुणी आपल्याकडे यावी असं तिला वाटत असणार. मी हसून सोडून दिलं.

वायसन खाणीवर गेल्यापासून रोजचं बोलायला माणूस नाही, म्हणून हे लिहायला लागले. नवरा फोनवर नुसता "हं, हं" करतो. वही निदान सगळं ऐकून घेते.

२३ सप्टेंबर

आली. नाव सुनीवा. नॉर्वे नावाच्या देशातली. वय विचारलं तर तामांदाला थोरली बहीण शोभेल एवढंच. गालांवर ठिपके आहेत, आणि हसते तेव्हा हिरड्या दिसतात. आमची भाषा पुस्तकातून शिकून आलीय. पुस्तक कोणा म्हाताऱ्या पाद्र्याने लिहिलेलं असावं. माझ्या धाकट्या यान्खोला म्हणाली, "हे बालका, तुझे कल्याण असो." चार वर्षांचं पोर घाबरून माझ्यामागे लपलं.

पहिलं जेवण म्हणून न्सिमा अगदी पांढरीशुभ्र केली होती. कोंडा काढून, पीठ भिजवून, उन्हात वाळवून. कालवण भेंडीचं, सोडा घालून छान तार सुटलेली. तिच्या हातावर पाणी घातलं. तिने न्सिमाचा गोळा उचलला, बोटं भाजली, तरी धीर करून भेंडीत बुडवला. तार तुटता तुटेना. ती हात वर नेते, तार वर जाते. हात बाजूला नेते, तार बाजूला. यान्खो हसता हसता चटईवर लोळला. तिने तो घास तोंडात फिरवला, फिरवला, आणि असं तोंड केलं की मला वाटलं आता उलटतंय.

"कसं झालंय?" मी विचारलं.

"वाईट, मायी," ती म्हणाली.

मालिताताई मुद्दाम मीठ मागायला आली होती. संध्याकाळपर्यंत विहिरीवर सगळ्यांना कळलं.

५ ऑक्टोबर

ही पोर खोटं बोलूच शकत नाही. पेज "फिक्की". रताळं "चांगला". शेतातले उंदीर आम्ही काडीला लावून भाजून खातो, ते तर मी तिला दाखवलेलेच नाहीत, मुखियाकडे भाजलेल्या उंदरांची काडी बघून ती विहिरीपर्यंत धावत गेली होती. दिवसेंदिवस सुकत चाललीय. तिच्या पिशवीत बिस्किटं आहेत, ती चोरून खाते, तीही यान्खोला वाटून, म्हणजे चोरी कसली.

आज तिला समोर बसवून सांगितलं. "सुनीवा, कोणी विचारलं कसं झालंय, तर वाईट म्हणू नये."

"वाईट असेल तर?"

"पोट भरलं, म्हणायचं. आवडलं नाही, तरी पोट भरलं. भूक आहे आणि घरच्यांचं भांडं रिकामं दिसतंय, तरीसुद्धा पोट भरलं. आपल्यामुळे दुसऱ्याची मान खाली जाऊ नये."

"ते खोटं आहे ना, मायी?"

"खोटं नाही. रीत आहे."

तिने दोन-तीनदा घोकलं. "पोट भरला. पोट भरली."

"भरलं," तामांदा म्हणाली, आणि तिघी हसलो.

१९ ऑक्टोबर

आज मी जिंकले!

बाजारात सुकटीच्या रांगेपाशी पोचलो तर ही एकदम थांबली. नाक वर करून, डोळे मिटून. मला वाटलं वासाने चक्कर येतेय. तर हिने टोपलीतली उसिपाची, तळ्यातल्या बारक्या सुक्या माशांची मूठ उचलली आणि नाकाला लावली. विकणारी बाई ओरडली, "अगं, फुलं आहेत का ती?"

सुनीवा म्हणाली, तिचं गाव समुद्राकाठी आहे, तिथे लाकडी मांडवांवर मासे टांगून वाऱ्यावर वाळवतात, सगळ्या गावाला हाच वास येतो. बोलता बोलता डोळ्यांत पाणी आलं. मी घासाघीस न करता सुकट घेतली. टोमॅटो-कांद्यात परतली. पोरीने न्सिमाचे दोन मोठे गोळे खाल्ले आणि बोटं चाटली.

"पोट भरलं," म्हणाली. आणि मग हळूच, "खरं भरलं, मायी."

मालिताताईला ऐकू जाईल अशा आवाजात मी तिला आणखी वाढलं.

२६ नोव्हेंबर

पेरणी चाललीय, लिहायला वेळ होत नाही. सुनीवा सकाळी आमच्याबरोबर शेतात येते, मग दवाखान्यात जाते. हाताला फोड आलेत. भोपळ्याच्या पानांचं दाण्याचं कूट घालून केलेलं कालवण आता ती मागून घेते. न्सिमा ढवळायलाही शिकली. घट्ट होऊ लागली की तिचे दंड थरथरतात आणि बायका भोवती जमून ओरडतात, "पळी धर, नवरा नाही तो, सोडू नकोस!" गाल भरलेत. भाषा सुधारलीय. कल्याण असो म्हणायचं बंद झालं.

हल्ली मला संध्याकाळ बरी वाटते.

२१ डिसेंबर

कणगीत वाकून पाहिलं. तळ दिसतोय.

गेल्या साली पाऊस मध्येच उठून गेला होता, तेव्हाच कळायला हवं होतं. नवा मका हाती यायला अजून खूप अवकाश आहे. घराघरातून येणाऱ्या टोपल्या कधीच बंद झाल्या. मी कोणाला दोष देत नाही, त्यांच्याही कणग्या तशाच. मुखियाकडे जाऊन सांगावं का? नको. त्याने भर सभेत "गावाची पाहुणी एनेलेसीच्या हाती सुखरूप आहे" असं सांगितलंय. आणि आमची आई म्हणायची, कणगी आणि भांडण, दोन्हीवर झाकण असावं.

पाहुणीला कळता कामा नये. पोरांना सांगून ठेवलंय.

४ जानेवारी

गेले दोन आठवडे आम्ही तिघं अर्धपोटीच आहोत. आजपासून असं ठरवलं. सुनीवाला रोज न्सिमा, कालवणासकट. मला आणि पोरांना कोंड्याची पेज, ती पण एकवेळ. कैऱ्या आहेत, त्या उकडून पोट फसवता येतं. तिला सांगितलं, आम्ही तू दवाखान्यात असताना जेवून घेतो. तिने मान हलवली.

दवाखान्याजवळच्या झाडाला वजनकाटा टांगलेला असतो. आज यान्खोची पाळी होती. सुनीवाने त्याला झोळीत बसवून लटकवलं, काटा बघितला, उतरवलं, पुन्हा लटकवलं. मग त्याच्या सुजलेल्या पावलावर अंगठा दाबून बघत बसली. "काटा बिघडला असेल का?" असं काहीसं दवाखान्यातल्या गोंद्वेला विचारत होती. नवीन काटा द्यायला हवा त्या लोकांना.

११ जानेवारी

माझं डोकं अजून शांत नाही, तरी लिहिते.

दुपारी बाजारातला सायकलवाला दारात. मागे पिठाची अख्खी गोणी. "गोऱ्या ताईनं पाठवलीय." बायका विहिरीवरून परतत होत्या, सगळ्या थांबल्या. मालिताताई म्हणाली, "बरंय बाई. आम्ही पाहुण्यांना पोसतो, काहींना पाहुणे पोसतात." दोघीतिघी फिदीफिदी हसल्या.

माझ्या कानांतून धूर निघाला. सायकलवाल्याला म्हटलं, "चुकीच्या घरी आलास. दवाखान्यात नेऊन टाक." तो म्हणाला, "पण ताईनं हेच घर..." मी केरसुणी उचलली. तो गेला.

संध्याकाळी सुनीवा आली तर मी सरळ विचारलं, "मी तुला कधी उपाशी ठेवलं?"

"नाही, मायी."

"मग पाहुणीने शिधा आणायची पद्धत तुमच्याकडे असेल. आमच्याकडे नाही. पुन्हा असं केलंस तर मी तोंड दाखवायला बाहेर पडणार नाही."

"मायी, मी पण इथे राहते. मी पण घरची..."

"पाहुणी ती पाहुणी."

तिने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाली, "मायी, चूक झालं. परत नाही करणार." आणि नाही करणार ती, मला माहीत आहे. सांगितलेलं ऐकते.

गोणी दवाखान्यातून कोणाकोणाच्या घरी गेली. मालिताताईच्या घरीही गेली असं ऐकलं. पोरं संध्याकाळी तिच्या चुलीच्या धुराकडे बघत होती. मी त्यांना आत बोलावून दार लावलं.

१८ जानेवारी

सुनीवाने नवीन खूळ काढलंय. ताट घेऊन आपल्या खोलीत जाते. "मायी, मी वाचत वाचत जेवणार. दवाखान्याचं काम."

मी म्हटलं, "एकटी जेवणारीला आमच्याकडे चेटकीण म्हणतात."

"मग तामांदा आणि यान्खो सोबत बसणार. मी त्यांना इंग्रजी शिकवणार."

ते मला बरं वाटलं. पोरं रोज तिच्या खोलीत जातात, दार लोटून घेतात. बाहेर इंग्रजी फारसं ऐकू येत नाही, पण शांत असतात. हसण्याखिदळण्याचाही आवाज येतो मधून मधून.

२७ जानेवारी

गावातल्या सोलोमनच्या शेतावर दिवसभर खुरपणी. मजुरी म्हणून वाडगाभर पीठ मिळालं. ते सगळं सुनीवाच्या न्सिमाला वापरलं आणि थोडी सुकट उसनी आणली. माझे हात वर होत नाहीत. पण पाहुणीचं ताट एकदाही रिकामं गेलेलं नाही. हे मी इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येत नाही.

देवाची कृपा एवढीच की पोरांना पेज मानवली. यान्खोच्या पायांची सूज उतरली. कोंड्यात ताकद असते म्हणतात ते खरं असावं. माझी पोरं गुणाची. शेजारची दिवसभर भूक भूक करतात, ही करत नाहीत.

सुनीवा मात्र पुन्हा वाळत चाललीय. गळ्याची हाडं दिसायला लागलीत. एवढं खाऊन जातं कुठे?

३ फेब्रुवारी

विचारलं तिला. "आवडत नाही का हल्ली?"

"पोट भरलं, मायी."

"रोज सुकट कुठून आणू? भोपळ्याची पानंच आहेत आता."

"चांगला आहे पानं. पोट भरलं."

तिचं हे "पोट भरलं" मला आता टोचायला लागलंय. पूर्वी तोंडावर "वाईट" म्हणायची ते परवडलं. ताटही स्वतः घासून, पुसून आणून देते. उष्टं दिसू नये म्हणूनच ना? काल तर विहिरीपाशी कळशी उचलताना बसली मट्कन खाली. ऊन लागलं म्हणाली.

७ फेब्रुवारी

मालिताताई आज माझ्याजवळ येऊन बसली. केसांच्या वेण्या घालून देते म्हणाली. वेणी घालता घालता म्हणते, "वाईट वाटून घेऊ नकोस, एनेलेसी. पण तू ज्या पोरीसाठी लोकांच्या शेतात मरतेस ना, ती तुझं अन्न कुत्र्याला घालते."

"कोण म्हणालं?"

"मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मागच्या खिडकीतून. कुत्रं मिटक्या मारत होतं." मग म्हणाली, "त्यांना किळस येते आपली. तोंडावर गोड बोलतात."

 कुत्रं त्या खिडकीखाली बसून असतं हे मीही पाहिलंय.

८ फेब्रुवारी

आज झालं ते लिहिते. जसं झालं तसं.

ताट वाढलं. ती उचलून आत निघाली. मी म्हटलं, "थांब. इथे बस. माझ्यासमोर खा."

ती उभीच. पोरं तिच्या खोलीच्या दाराशी उभी होती, त्यांच्याकडे तिने बघितलं. मग बसली, एक घास घेतला, गिळला.  दुसरा घास घेईना.

"का? घशाखाली उतरत नाही?"

"नंतर खाणार, मायी."

"नंतर कुत्रं खाणार!" माझा आवाज मलाच ओळखू येईना. "माझ्या हाताची किळस येते तुला? ही न्सिमा कुठून येते ते ठाऊक आहे? आईनं अन्नाला मान द्यायला शिकवलं नाही का? तुमच्याकडे अन्नाचे ढीग असतील, फेकायचं असेल तर तिथे जाऊन फेक!"

तामांदा रडायला लागली. "आई, नको ना, आई, ती तर..."

"तू गप्प बस!"

सुनीवाने तामांदाकडे बघून मान हलवली. नकार दिल्यासारखी. मग माझ्याकडे बघितलं नाही, चटईकडे बघत म्हणाली, "हो, मायी. मला न्सिमा आवडत नाही. पहिल्यापासून नाही आवडली."

चला. निदान खरं तरी बोलली.

मी म्हटलं, "मग या घरात तुझं काम नाही."

९ फेब्रुवारी

मुखियाने तिला दवाखान्याच्या मागच्या खोलीत हलवलं. मला फार काही विचारलं नाही. निघताना ती माझ्यासमोर आमच्या रीतीने गुडघे टेकून बसली. मी शेंगा निवडत होते. निवडत राहिले.

घर मोठं वाटतंय.

१३ फेब्रुवारी

आता पाहुणीच्या ताटाचं ओझं नाही, पण पीठही संपलं. उद्या पुन्हा खुरपणी मिळते का बघायचं. यान्खो किरकिरा झालाय. पोरं अचानक भूक भूक करायला लागलीत. इतके दिवस नव्हतं हे. मी चिडून दोघांना एकेक धपाटा घातला.

१६ फेब्रुवारी

यान्खोच्या पायांना पुन्हा सूज.

संध्याकाळी पेज ओतली. त्याने वाडगा उचलला आणि सुनीवाच्या बंद खोलीपाशी जाऊन उभा राहिला. मी म्हटलं, "तिकडे काय?"

"आता कोणाच्या खोलीत जेवायचं?" तो म्हणाला.

"म्हणजे?"

"न्सिमा. सुनीवाची न्सिमा."

मी तामांदाकडे वळले. ती भिंतीला टेकून उभी होती.  मग सगळं बाहेर आलं. रोज. खोलीत जेवायला लागल्या दिवसापासून रोज. अर्धं यान्खोला, अर्धं तामांदाला, शेवटचा बोटभर घास सुनीवाला, तोही पोरांनी हट्ट केला तर. ताटाला चिकटलेलं खरवडून कुत्र्याला, ते भुंकू नये म्हणून.

"मला का नाही सांगितलंस?"

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, आईला कळलं तर आईची मान खाली जाईल."

मी पेज तशीच ठेवली.

१७ फेब्रुवारी

उजाडताच दवाखान्यात गेले. सोबत काही न्यायला नव्हतं म्हणून मालिताताईकडे गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासमोर हात पसरला. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि न विचारता दोन अंडी दिली. मी सांगितलं तिला. ती चुलीपाशी खालीच बसली. म्हणाली, "मला कुत्रंच दिसलं गं. खोलीतली पोरं दिसली नाहीत." मी तिला काही बोलले नाही. मला तरी काय दिसलं होतं?

मागच्या खोलीला कुलूप होतं. गोंद्वे औषधाच्या बाटल्या लावत होता. म्हणाला, "काल जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली गाडीतून. तीन दिवस ताप होता, कोणाला सांगितलं नाही. डोक्यात चढला. बडबडत होती, मी कोण हेही कळत नव्हतं तिला."

"बरी होईल ना?"

"मलेरिया आपल्याला पण होतो, मायी. पण अंगात काही असेल तर माणूस टिकतं. तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं. खात नव्हती का ती तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "तिला आवडायचं नाही."

का म्हटलं असं? गोंद्वेला खरं सांगायला काय झालं होतं? रस्ताभर मी स्वतःला हेच विचारत आले.

यान्खोसाठी त्याने दाण्याच्या औषधी लगद्याची पाकिटं दिली. वजनाच्या दिवशी देत होता तेव्हा मी नको म्हटलं होतं, यावेळी घेतली.

२४ फेब्रुवारी

सुनीवा राजधानीत, लिलोंग्वेच्या मोठ्या दवाखान्यात आहे म्हणे. जिल्ह्याच्या ठिकाणी जमलं नाही. गोंद्वे फोन करून विचारतो. आज डोळे उघडते, उद्या उघडत नाही, असं चाललंय.

वायसनचा फोन आला. त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. तो म्हणाला, "पाहुणी कशी आहे?" मी म्हटलं, "आजारी आहे." तो म्हणाला, "हं."

मका चांगला उभा राहिलाय. कणसं भरतायत. या वर्षी कणगी भरेल असं सगळे म्हणतात.

३ मार्च

काल लिलोंग्वेला जाऊन आले. मक्याच्या ट्रकवर बसून, पहाटे निघाले ती दुपारी पोचले. शेतातली पहिली कणसं काढली होती, ती उकडली. मालिताताईने स्वतःहून पीठ दिलं, त्याची न्सिमा केली, कापडात बांधली. सुकट टोमॅटोत परतून डब्यात घेतली.

वाटेत मी मनात वाक्यं जुळवत होते. सुनीवा, मला कळलं. सुनीवा, गोणी परत पाठवली ती मीच चुकले. सुनीवा, घरी चल. प्रत्येक गावाला नवीन वाक्य.

आत सोडेनात. काचेतून बघा म्हणाले. नळ्या, पांढरी चादर, आणि त्यात एवढीशी सुनीवा. झोपेच्या औषधात होती. ठिपके सोडले तर मी ओळखलं नसतं. परिचारिका म्हणाली, "जीव वाचेल, पण मूत्रपिंडं बिघडलीत. उद्याच्या विमानाने तिच्या देशात नेणार. इकडे परत यायला परवानगी मिळेल असं वाटत नाही."

उद्याच्या विमानाने. आणि ती आज जागी होणार नव्हती.

बाहेर रुग्णांच्या नातेवाइकांच्या अंगणात, चुलींच्या धुरात, एक गोरी बाई एका विटेवर बसली होती. जाड, लाल हातांची. हिरड्या दिसतील असं तोंड. मला कोणी सांगायला लागलं नाही.

इतके महिने मी सुनीवाच्या घरात काय काय शिजतं ते विचारलं नव्हतं. घरी कोण आहे हेही विचारलं नव्हतं. तिला आई आहे हे मला त्या विटेपाशी कळलं. आणि मी तिच्या आईचा उद्धार केला होता.

मी गाठोडं सोडलं. भांडं घेऊन तिच्या हातावर पाणी घातलं. ती समजली, हात पुढे केले. दोन दिवसांत पोटात काही गेलं नव्हतं बहुतेक. न्सिमा तिला मोडता येईना, मी मोडून दिली. तिने सुकटीचा वास घेतला आणि थांबली, मग खाल्ली. सगळी खाल्ली. कणसं पण. बायका आपापल्या चुलींवरून बघत होत्या, कोणी हसलं नाही.

मग ती काहीतरी विचारायला लागली. मी छातीवर हात ठेवून "एनेलेसी" म्हटलं. ते ऐकून तिने दोन्ही हातांनी माझे हात पकडले आणि भराभर इंग्रजीत बोलायला लागली. परिचारिका बाहेर आली होती, तिला बोलावलं.

"त्या म्हणतायत, तुम्हीच त्या मायी का? मुलगी फोनवर सारखं तुमचंच बोलायची. पोटच्या पोरीसारखं खाऊ घालतात म्हणायची. त्यांच्याकडे कमी असलं तरी मला सर्वांत मोठं ताट वाढतात म्हणायची." परिचारिकेने श्वास घेतला. "त्या म्हणतायत, आई म्हणून मला रात्री झोप लागायची ती तुमच्यामुळे."



"काही सांगायचंय का त्यांना?" परिचारिकेने विचारलं. "लवकर सांगा, मला आत जायचंय."

ट्रकवर जुळवलेली सगळी वाक्यं तोंडात होती. सांगणारी होती, ऐकणारी होती, सांगता आलं असतं.

"सांगा," मी म्हटलं, "गुणाची पोर आहे."

परिचारिकेने सांगितलं. सुनीवाची आई रडायला लागली आणि तिने मला मिठी मारली. घट्ट. मी हात खाली सोडून खांबासारखी उभी राहिले. तिला वाटलं असेल, आमच्याकडे मिठी मारायची पद्धत नाही.